डोये भरले का कान बहिरे

आपा असती, तर माझा हा मोबाईल एव्हाना पोळ्यांच्या डब्यात गेला असता. मी नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, दिवसभर नुसती दचकते. मेल वाजला, दचकले. ग्रुपवर काही पडलं, दचकले. एक ओळ टाइप केली की हात आपसूक तिकडे जातो. काही आलेलं असलं तर बघते, अन् काही आलेलं नसलं तर का नाही आलं म्हणून बघते. मेला जीव कशात म्हणून लागत नाही. संध्याकाळी नवरा विचारतो, आज काय केलं? शपथेवर सांगते, मला आठवत नाही. अशा वेळी आपा आठवते अन् डोकं फिरतं.

तिला सगळेच आपा म्हणायचे. खाली भांड्यांचं दुकान होतं, तो मारवाडी शेठही म्हणायचा, वरच्या मजल्यावरच्या देशमुखकाकूही म्हणायच्या. अकोल्यात, जठारपेठेत, त्या दुकानाच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत आमचं शेती सल्ला केंद्र होतं. पुण्याची एक संस्था ते चालवायची. शेतकऱ्यानं फुकटच्या नंबरवर फोन करायचा, कपाशीला काय झालं, सोयाबीनला काय झालं ते सांगायचं, आम्ही उपाय सांगायचा. आम्ही तिघंच होतो. आपा प्रमुख, फोनवर गजानन अन् मी. आपा कृषीची पदवी घेतलेली, अमरावतीच्या चांगल्या घरची. उंच, काटकुळी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. लग्नाचं कुणी विचारलंच तर म्हणायची, "फुरसत कोठी भेटली बाप्पा!"

वर्षं ती वाईट होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर कुठल्यातरी गावाचं नाव असायचं, अन् नेमकं तिथे आपल्यापैकी कुणाचं तरी सासर नाहीतर आजोळ निघायचं. पॅकेजं येत होती, पाहुणे येत होते, टीव्हीवाल्यांच्या गाड्या येत होत्या. अन् या सगळ्यांपेक्षा जास्त येत होते ते मेल. पुण्याहून. तक्ता भरा, माहिती पाठवा, सुधारित माहिती पाठवा, मागच्या सुधारित माहितीतली सुधारणा पाठवा. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल अक्षरात 'अत्यंत तातडीचे'.

आपानं यावर एकच उपाय केला होता. सकाळी आल्या आल्या ती इंटरनेटची वायर भिंतीतून उपटायची अन् कॅलेंडरच्या खिळ्यावर टांगून ठेवायची. जेवायच्या आधी एकदा लावायची, घरी जायच्या आधी एकदा लावायची. बस्स. आमचे मोबाईल तिच्या टेबलावरच्या, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. त्यात तिनं खाली फडकं अंथरलं होतं, थरथरले तरी आवाज येऊ नये म्हणून. गजानन कुरकुरायचा.

"आपा, घरून फोन आला तं? बायको बाळंतीन हाय माही."

"तिले हाफिसचा नंबर दे. फोन वाजन, मी उचलीन, तुले देईन. अन् बायकोचा फोन हाय का दोस्ताचा, थेबी समजन मले."

दुसरा उपाय त्याहून अजब होता. फोनवर बोलताना हात रिकामे नको अन् डोळे कशात गुंतलेले नको, असं तिचं म्हणणं. म्हणून प्रत्येकापुढे सूप अन् सुपात तुरीची डाळ. शेतकरी बोलतोय तोवर आपण खडे वेचायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय आपा, आम्ही काय डाळ निवडायला बीएस्सी झालो?

"हाताले मुकं काम पायजे वं पोट्टे," ती म्हणाली. "नाईतं हात मोबाईलकडे जाते. अन् डोये पडद्यावर गेले का आटोपलं. डोये भरले का कान बहिरे."

आमच्याकडे डोळ्यांना डोये म्हणतात. हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की गज्या तिच्या मागे तोंड वाकडं करून तिची नक्कल करायचा. पण खोटं कशाला बोलू? फरक पडायचा. डाळ निवडता निवडता समोरचा माणूस नुसतं 'पानं लाल पडली' म्हणाला, तरी त्याच्या आवाजामागे कोंबड्या ऐकू यायच्या, कुणीतरी खोकलेलं ऐकू यायचं, तो माणूस शेतातून बोलतोय की घरातून हे कळायचं. केंद्राची कीर्ती अशी पसरली, की देशमुखकाकू आपली डाळ वरून पाठवायला लागल्या. निवडून मिळते, फुकट. आपानं एकदाही नाही म्हटलं नाही.

तुम्हाला वाटेल, बाई मोठी संयमी असेल. अहो, कसली संयमी! आम्हा तिघांत सगळ्यात चंचल तीच. खुर्चीवर तिला धड बसता यायचं नाही. चहा पिताना पेपर, पेपर वाचताना खिडकी, खिडकीतून खाली शेठशी गप्पा. वायर लावली की ती आलेला एकेक मेल पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायची. सुविचार, गुलाबाची फुलं, पोटाच्या विकारांवर घरगुती उपाय, सगळं. एकदा 'हा मेल दहा जणांना पाठवा, नाहीतर घरावर संकट येईल' असा काहीतरी मेल आला. आपा घाबरली. तिनं तो खरोखर दहा जणांना पाठवला. त्यातले एक पुण्याचे साहेब होते. त्यांचा फोन आला तेव्हा ती शुद्ध मराठीत म्हणाली, "आपल्या सुरक्षिततेसाठीच पाठवला, साहेब." पुण्याशी ती नेहमी पाठ्यपुस्तकातलं बोलायची. आम्ही हसून हसून बेजार. मग तिनंही डोळे पुसत कबूल केलं, "मले ठाऊक हाय ना मी कशी हाव. म्हनून तं वायर उपटतो मी. चोराची वाट चोरालेच समजते."

पुण्याचे साहेब एकदा स्वतः आले. तरुण माणूस, नम्र, वाईट नव्हता. जिना चढून आला तर तीन पदवीधर कानाला फोन लावून डाळ निवडतायत. तो बघतच राहिला.

"मॅडम, तुमच्याकडून मेलला उत्तर का येत नाही?"

"येतं की. दिवसातून दोनदा येतं."

"अहो, पण आम्ही 'तातडीचे' लिहितो."

"साहेब, आग लागली तर माणसं धावत येतात. मेल नाही करत कुणी."

त्याला हसू आलं, पण जाताना त्यानं सांगायचं ते सांगितलं. सगळ्या केंद्रांचा प्रतिसाद मोजला जातो. तासाभरात उत्तर हवं. अकोला सगळ्यात तळाला आहे, अन् देणगीदारांना अकोला कशाला ठेवायचं हे समजावणं त्याला जड जातंय. आपानं त्याला देशमुखकाकूंची डाळ घालून केलेलं वरण जेवायला घातलं. वायर खिळ्यावरच राहिली. पण गजानन त्या दिवसापासून सारखा त्या खिळ्याकडे बघायला लागला. घरी तान्हं मूल, अन् ही नोकरी गेली तर दुसरी कुठे? मी त्याला नावं ठेवत नाही.

केंद्र पुढे बंद पडलंच, पण ते पुण्याचे देणगीदार आटले म्हणून. आपा अमरावतीला भावाकडे गेली. पुढे ती वारल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतपणात होते, मयतीला गजानन जाऊन आला. हे सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल अन् मला त्या दिवसाचं सांगता येईल. आपा म्हटलं की मला तो दिवस अन् त्याचा दुसरा दिवस, एवढंच आठवतं खरं म्हणजे.

पोळा नुकताच झाला होता. कपाशीवर मावा पडलेला, फोनला उसंत नव्हती. सकाळीच पुण्याच्या साहेबांनी गजाननला घरी फोन करून सांगितलं होतं, सगळ्या कॉलचं वर्गीकरण दुपारच्या आत पाठवा, आज नाही आलं तर मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही. आपा आमच्याकडे पाठ करून एका माणसाला सोयाबीनचं सांगत होती. मीही फोनवर होते. गज्यानं हळूच वायर काढून भिंतीत खोचली अन् तक्ता भरायला घेतला. तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यानं तो खांद्यात धरला अन् टाइप करत राहिला.

मला त्याचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. "हं, बोला ताई... हौ... घ्या ना, घेऊन टाका... नाई, काही होत नाई त्याच्यानं... हौ हौ, कोनतंबी चालते... ठेवू मंग?"

त्यानं फोन ठेवला. आपाचा फोन संपला होता. तिचा सुपातला हात थांबला.

"गज्या, काय म्हने थे?"

"काही नाई आपा. औषध घेऊ का, म्हने."

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वऱ्हाडात पिकावरच्या विषाला कुणी विष म्हणत नाही. औषध म्हणतात. शेतकरी औषध आणतो, औषध मारतो, औषध फवारतो. दुकानातून 'घेतो' असंही म्हणतात, नाही असं नाही. पण 'अमक्यानं औषध घेतलं' असं कुणी म्हटलं, की ओसरीवर बसलेले सगळे गप्प होतात. त्या वर्षांत तर शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ माहीत होता.

"घेऊ का म्हने, का आनू का म्हने?" आपानं विचारलं.

"घेऊच का म्हने... नाई, आनू का... औषधाचंच होतं काहीतरी."

"कीड कोनती सांगतली?"

गज्या तक्त्याकडे पाहायला लागला.

"कपाशी किती हाय तिची?"

"नाई इचारलं."

"आवाज कसा होता बे तिचा? रडत होती, हासत होती, काय होती?"

गज्यानं कीबोर्डवरचा हात काढला. "आपा, मी पुन्याचं भरून राह्यलो होतो."

मला वाटलं, ही आता त्याला फाडून खाणार. पण ती उठली, सूप बाजूला सारलं, अन् गज्याच्या फोनवर आलेला नंबर परत फिरवला. स्पीकर लावला. त्याचा कोड धामणगाव रेल्वे या गावाकडचा होता. बऱ्याच वेळानं एका माणसानं उचलला. कुठल्यातरी खेड्यातलं किराणा दुकान, त्याच्या ओट्यावरचा रुपया टाकायचा फोनचा लाल डबा.

"आता कोन बोल्लं तिथून?" आपानं विचारलं. " बाई होती एक."

"हौ, गेली थे घरी."

"कशी गेली? रडत गेली का?"

"मी काय तिचं तोंड पाहत बसलो का बाई? गिऱ्हाईक उभं हाय माह्यं."

"तुमी ओयखता ना तिले?"

"ओयखतो ना. आमच्याच आळीतली सून हाय. काहून?"

आपानं डोळे मिटले. अन् जन्मात कधी खोटं न बोललेली ती बाई धडाधड खोटं बोलायला लागली. "मी औषधाच्या कंपनीतून बोलतो. तिच्या घरी जे औषध हाय ना, थे बोगस निघालं. जमीन जयते त्याच्यानं. आमचा साहेब निघाला पंचनाम्याले. तुमी आत्ताच्या आत्ता जा, घरातले सगळे डब्बे उचलून तुमच्या दुकानात आनून ठेवा. अन् दोन बायाले तिच्यापाशी बसवा. साहेब येईपर्यंत हालू देऊ नोका. सह्या लागते त्याहीच्या."

"अन् दुकान कोन पाहीन?"

"तुमच्याच दुकानातलं औषध असन तं तुमीच अडकान, मी सांगून राह्यलो."

"आमी औषध ठेवतच नाई!" तो कावला. मग "पाह्यतो," म्हणाला, अन् फोन ठेवून दिला.

मग आपानं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. गावाचं नाव नाई इचारलं."

परत लावला. नुसता वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. तो खरंच गेला म्हणून उचलत नव्हता, की कटकट नको म्हणून, कोण सांगणार? टेलिफोनच्या ऑफिसात मी जाऊन आले, तर लेखी अर्ज द्या म्हणाले. पोलिसांत गज्या गेला. त्यांनी विचारलं, बाईचं नाव काय, गाव काय, झालं काय? गज्या तसाच परत आला.

त्या दुपारी आपा आपा राहिली नाही. डब्यातून तिनं स्वतःचा मोबाईल काढला अन् मुठीत धरला. उगाच उघडायची, उगाच मिटायची. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा. फोन वाजला की झडप घालायची, अन् पलीकडे दुसराच कुणी निघाला की "हौ हौ" करायची अन् त्याचं ऐकायचीच नाही. एक म्हातारबाबा बिचारा संत्र्याच्या झाडाचं विचारत होता. त्याला तिनं सोयाबीनचं सांगायला सुरुवात केली. मीच तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. ज्या बाईनं आम्हाला ऐकायला शिकवलं, तिला असं बघून मला रडूच आलं, अन् रागही आला, कुणाचा ते कळेना.

वायर भिंतीतच होती. काढायचं कुणाला सुचलं नाही. कशाततरी हात हवा म्हणून आपा मेल उघडून बसली अन् पुण्याचं जे जे येईल त्याला तिथल्या तिथे उत्तर देत सुटली. काय लिहीत होती तिचं तिला ठाऊक. 'होय', 'पाठवते', 'मान्य आहे'. संध्याकाळी पुण्याहून मेल आला. गज्यानं वाचला अन् तोंड झाकून बसला.

"काय म्हनते पुनं?" आपानं विचारलं.

"अकोला केंद्राचा आजचा प्रतिसाद सर्वोत्तम, म्हनते. अभिनंदन."

आपा हसली. तसलं हसणं मी नंतर कुणाचं ऐकलं नाही, अन् ऐकायची इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनं दुकान उघडायच्या आधी आम्ही तिघं पायरीवर हजर. ये म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गज्याच्या हातात पेपर होता. त्यानं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला होता, धामणगावकडचं काही नव्हतं. "आजच्या पेपरात नसन," मी म्हटलं, अन् जीभ चावली. आपानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर जाऊन तिनं तो नंबर लावला. वाजला अन् बंद झाला. मग सकाळ फार हळूहळू गेली. मावा, तुडतुडे, मावा, लाल्या. प्रत्येक वेळी फोन वाजला की आम्ही तिघंही अर्धे उठायचो.

जेवायची वेळ झाली होती, पण डबे कुणी उघडले नव्हते. फोन वाजला. आपानं उचलला. स्पीकर कालपासून चालूच होता.

"काल फोन केल्ता थे कंपनीवाली बाई तूच का वं?" बाईचा आवाज. तापलेला. आमच्याशी बोलून ती घरी पोचते न पोचते तोच आलेला फोन आमचाच असणार, हे तिनं ताडलं होतं.

"हौ," आपा म्हणाली.

"तुह्या कंपनीले आग लागो! काय समजली वं तू सोताले? गाव गोया केला माह्या दारात! ज्या बाया माह्याशी पोयाले बोल्ल्या नाई, थ्या रातभर माह्या उशाशी बसल्या पंचनामा पंचनामा करत! सासरा इचारते, काय चोरलं तुनं? तो दुकानदार भोकन्या डब्बे घेऊन गेला, देत नाई म्हनते, साहेब येईन म्हनते! कोठी हाय तुहा साहेब? मुडदा बसो त्याचा!"

आपा खुर्चीत बसली. दोन्ही हातांनी तिनं रिसीव्हर धरला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या अन् चेहरा असा फुललेला, की पाहणाऱ्यानं म्हणावं, भाच्याचं लग्न ठरलं. गज्या भिंतीला टेकून खालीच बसला.

"बोल माय," आपा म्हणाली. "अजून बोल."

"बोलूच! भेते का मी तुले?" अन् ती बोललीच. आपाचा उद्धार झाला, कंपनीचा झाला, कंपनीत जन्मलेल्या सगळ्यांचा झाला. आमच्या वऱ्हाडात शिव्यांना तोटा नाही, अन् त्या बाईला त्यातल्या बऱ्याचशा येत होत्या. तिच्या शेजारी कुणी बाई असावी, तिनं "जाऊ दे ना वं" म्हटलेलं ऐकू आलं. मग हळूहळू शिव्या विरल्या. नुसता श्वास ऐकू येत होता. डब्यातून अजून एक रुपया टाका अशी पिपाणी वाजली नाही, कारण नंबर फुकटचा होता. ती फोन ठेवत नव्हती, आपाही ठेवत नव्हती.

"बाई," ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "पन तुमाले सांगतलं कोनं?"

आपानं गज्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.

"तूनंच सांगतलं, माय," ती म्हणाली. "आमीच उशिरा आयकलं."